अस्तर

४ नोव्हेंबर

ही वही पिल्लूची. मुखपृष्ठावर मांजर आहे आणि मांजराच्या मिशांखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "आईची गाईंची वही". निघताना बसस्टँडवर तिने ती माझ्या पिशवीत कोंबली आणि फर्मान काढलं, "रोज गाईंनी काय केलं ते लिही. आलीस की मला वाचून दाखव." सात वर्षांची आहे, अजून आठ पूर्ण व्हायचीत, पण हुकूम असे सोडते की आमच्या शिवणाच्या दुकानाच्या मालकाने तिच्याकडे शिकवणी लावावी.

तर लिहिते. गाईंनी आज काय केलं: गाईंनी मला लाथा मारल्या.

दादाचा ट्रॅक्टर उतारावर कलंडला आणि तो गेला, त्याला आता पंधरवडा होईल. माझा एकुलता एक भाऊ. रडून झालंय माझं, म्हणजे निदान दिवसाचं तरी. आता काम उरलंय. गोठ्यातल्या गाई विकायच्या, घराला कुलूप लावायचं आणि आईला घेऊन शहरात परतायचं. पिल्लूचा वाढदिवस एकोणतीस तारखेला आहे, त्याच्या आत. नवरोबाला तसा शब्द दिलाय. तो म्हणाला, "तू शब्द दे, मी केक देतो." दिवसभर बसगाड्यांची इंजिनं खोलणारा माणूस, पण चेष्टा केल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नाही.

आईला यातलं काही अजून सांगितलेलं नाही. तिनेही विचारलं नाही. आज मी आले तेव्हा ती गोठ्यात होती. मान वर न करताच म्हणाली, "आलीस धाकटे? बादली घे."

६ नोव्हेंबर

दोन दिवसांत नाकी नऊ आले. गाई माझ्या हाताला दूध देत नाहीत. आईच्या बोटांत आता जोर नाही, ती बाजूला उभी राहून सूचना देते. सगळ्यांत वाईट ती नखरेल. मी नुसती जवळ बसले तरी अंग चोरते, शेपटी तोंडावर मारते आणि पान्हा असा वर ओढून घेते की सडांतून वारा येतो फक्त. दूध कासेत साचलं की कास तापते, दगड होते. दगड झालेल्या कासेची गाय फुकट दिली तरी कोणी नेणार नाही.

दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर कॅन उचलताना म्हणाला, "ताई, यात दूध आहे की नुसता आवाज?" मी म्हटलं, "आवाजाचा भाव काय चाललाय?" तो हसला. पण मला हसू येत नव्हतं.

कुत्रा फाटकाशी बसून असतो. दादाचा कुत्रा. मी गेले की गुरगुरतो.

७ नोव्हेंबर

जमलं! आणि कल्पना माझीच, हे इथे लिहून ठेवते.

गोठ्याच्या दाराआड खिळ्याला दादाचं जॅकेट लटकतंय. जाड, खाकी, कोपरांना ठिगळं. सहज नाक लावलं तर त्यात दूध, डिझेल, घाम, पेंड, सगळा दादाच भरलेला. म्हटलं, गाईला तरी दुसरं काय कळतं, वासच ना? अंगात घातलं आणि नखरेलजवळ जाऊन बसले. तिने मान वळवली, बाहीला नाक लावलं, एक लांब उसासा सोडला आणि पान्हावली. बादलीत धारेचा आवाज यायला लागला तशी मी मुसमुसून रडले. तिला त्याचं काही वाटलं नाही.

आई दारात उभी राहून बघत होती. तिचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता.

जॅकेट मला मोठं आहे. बाह्या मनगटाखाली चांगली चार बोटं येतात. सवयीने टेपने बाही मोजली, आतून तपासलं. अस्तर दादाने घातलेलं असणार, निळं. एका ठिकाणी उसवलंय, तिथून आत दुसरं अस्तर दिसतं, करडं, आणि त्याच्याही आत चौकडीचं तिसरं, पार जीर्ण. कोणी जुनं काढायची तसदीच घेतली नाही, वरूनच शिवत गेले. असलं काम आमच्या दुकानात कोणी केलं तर मालक त्याला दारातून हाकलेल.

"तुझ्या बाबांचं आहे ते," आई म्हणाली. "त्याच्या आधी त्यांच्या वडलांचं."

"बाह्या कमी करते जरा. लोंबताहेत."

"कात्री लावायची नाही त्याला."

इतकं तुटक बोलली की मी कात्री परत एप्रनच्या खिशात टाकली.

८ नोव्हेंबर

आज धार काढताना जुनं आठवत होतं. बाबा गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता. ट्रम्पेट वाजवायचा, चांगलं वाजवायचा, एका बॅण्डबरोबर गावोगाव जायचं ठरलंही होतं. म्हणाला, थोडे दिवस गाईंचं बघतो आणि मग जातो. ते थोडे दिवस कधी सरलेच नाहीत. महिन्याभरात तो बाबांसारखा चहा बशीत ओतून पिऊ लागला, खांदा पाडून चालू लागला, आणि खोकलासुद्धा तोच, आधी दोन छोटे आणि मग एक मोठा. मी त्याला चिडवायचे, "आले बघा बाबा." तो नुसता बघायचा. ट्रम्पेटचं पुढे काय झालं देव जाणे.

१० नोव्हेंबर

पिल्लू, हे मी तुला वाचून दाखवणार नाही. पान उलटून पुढे जाईन.

पहाटे थोरली गाय व्याली. वासरू मेलेलंच होतं. थोरलीने ते चाटलं, नाकाने ढकललं, पुन्हा चाटलं, आणि मग एक आवाज काढला तो अजून माझ्या कानात आहे. आईने तिला थोडा वेळ दिला आणि वासरू ओढून अंगणात नेलं.

"वासराशिवाय ही दूध सोडायची नाही," ती म्हणाली. "लंगडीचं धाकटं आण."

लंगडीला गेल्या आठवड्यात जुळं झालं. त्यातल्या थोरल्याला ती पाजते आणि धाकट्याला ढुशी मारते. आम्ही त्याला बाटलीने पाजतो. मी ते उचलून आणेस्तोवर आईने मेलेल्या वासराचं कातडं उतरवायला घेतलं होतं. सुरी अशी चालत होती, जणू बटाटा सोलतेय. ज्या हातांत धार काढायचा जोर नाही त्यांत एवढा जोर कुठून आला, कळलं नाही.

मग कातडं त्या धाकट्याच्या पाठीवर घातलं. आईने दोऱ्या घेतल्या, मी म्हटलं थांब, आणि माझी जाड सुई आणली. इतकी वर्षं कोटांना अस्तरं लावतेय, हे काय वेगळं? मानेशी ढिलं, छातीशी दोन टाके, पायांना भोकं पाडून आत घेतलं. शेपूट तसंच ठेवायचं, कारण गाय आधी तिथेच हुंगते. फिटिंग झकास झालं. मला मनातून आवडलंही ते, आणि मग आवडलं म्हणून कसंसंच झालं.

थोरलीसमोर सोडलं. तिने शेपटीपाशी हुंगलं, पाठीवर हुंगलं, मग जीभ काढून चाटायला लागली. धाकटं तोवर कासेला लागलंसुद्धा. एका वासराला दोन शेपट्या, आणि हलत होती एकच.

"किती दिवस ठेवायचं हे?" मी विचारलं.

"तिनं आपलं म्हणेपर्यंत. आधी काढलं तर लाथेने मारेल. उशीर केला तर सडेल." आईने हात धुतले. "ते बघून कळतं."

१३ नोव्हेंबर

तीन चिल्लर गोष्टी.

एक, कुत्रा आता गुरगुरत नाही. मागेमागे फिरतो, पायांवर डोकं ठेवून झोपतो. जॅकेटचा प्रताप.

दोन, ड्रायव्हरने आज पाठीमागून हाक मारली, "दादा, कॅन आणा." मी वळले तर त्याने जीभ चावली. "माफ करा ताई, जॅकेटमुळे..." मी म्हटलं, असू दे.

तीन, माझा फोन बोट लावलं की उघडायचा, आता उघडत नाही. धारा काढून काढून बोटांची सालं निघालीत, रेषा कुठे उरल्यात. आकडे दाबून उघडते. इथे फोन फक्त फाटकाशी उभं राहिलं तर लागतो, तोही त्याची मर्जी असेल तेव्हा.

पिल्लूशी बोलले. तिला फोनवरच बटण लावलं. हा आमचा झोपायच्या वेळचा खेळ आहे: तिच्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरायची, हलकेच दाबायची आणि म्हणायचं, "लावलं बटण, आता स्वप्न बाहेर सांडणार नाही." फोनवर ती स्वतःच पाळी धरते. म्हणाली, "आई, तुझा आवाज खरखरीत झालाय." गोठ्यातली धूळ, दुसरं काय.

१६ नोव्हेंबर

आज कातडं काढलं. आई आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "झालं." मी टाके उसवले, तिने आधी पुढचा एक पाय सोडवला, मग दुसरा, आणि ओढून घेतलं. थोरलीने ढुंकूनही पाहिलं नाही त्या कातड्याकडे. तिचं पोर तिच्याजवळ होतं.

दुपारी मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या धाकट्याला लंगडीजवळ नेलं. म्हटलं, बघू तरी ओळखते का. लंगडीने हुंगलं आणि अशी ढुशी मारली की ते गव्हाणीवर आपटलं. आणि धाकट्यालाही तिच्याकडे जायचं नव्हतंच. थोरलीचा आवाज आला तसं धडपडत तिच्याकडे पळालं. त्याचं जुळं भावंडही त्याला हुंगून बाजूला झालं.

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि ते मी आईला बोलून दाखवलं.

"हिला वासरू मिळालं, त्याला आई मिळाली," ती म्हणाली. "कोणाचं काय गेलं?"

लंगडीचं गेलं, असं मी म्हणणार होते. पण लंगडी तर निवांत रवंथ करत होती.

१८ नोव्हेंबर

भयंकर चिडले आहे.

गाईंचा खरेदीदार आज येणार होता. मीच ड्रायव्हरकरवी निरोप धाडला होता. शेवटी आईला काल सगळं सांगितलं: गाई विकू, तू माझ्याबरोबर चल, पिल्लूची खोली मोठी आहे. तिने ऐकून घेतलं. हो नाही की नाही नाही. मी समजले, तिने मानलं.

आज धार उरकून बाहेर आले तर खरेदीदार अंगणात उभा आणि आई त्याला सांगतेय, "दादा नाही म्हणतोय. विकायच्या नाहीत."

मी तिथेच उभी! त्या माणसाने माझ्याकडे वळून मान हलवली. "बरं दादा. तुमच्या घरचं दूध, तुम्ही ठरवणार. मन बदललं तर कळवा." मी म्हणणार होते की अहो, दादा गेला, मी त्याची बहीण, विकायला मीच बोलावलंय तुम्हाला. पण तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत त्याची मोटारसायकल फाटकाबाहेर गेली होती.

आईवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा एवढी ओरडले. तिने शांतपणे कप पुढे केला. "घे सोन्या, घसा शेकेल."

सोन्या ती दादाला म्हणायची. मला धाकटे. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, मी समजून घेतलं पाहिजे. चहा प्यायले. नंतर पाहिलं तर मी तो बशीत ओतून घेतला होता. कप फारच गरम होता.

२१ नोव्हेंबर

जॅकेटच्या बाह्या आता मनगटावर बरोबर येतात. परवा पावसात भिजलं होतं, कापड आटलं असणार. तरी टेप काढून मोजलं, कारण मी मापात चुकत नाही, माझं पोट त्याच्यावर चालतं. बाही पहिल्या दिवशी जेवढी भरली होती तेवढीच भरतेय. म्हणजे तेव्हा मोजताना चूक झाली असेल. रडत होते ना.

खांदाही नीट बसलाय. एक खांदा जरा पडलेला शिवलाय वाटतं.

२४ नोव्हेंबर

संध्याकाळी फाटकाशी जाऊन नवरोबाला फोन लावला. मी "अरे ऐक ना" म्हटलं, तर पलीकडून एकदम अदबीने, "हां, बोला दादा. हिला देता का जरा?"

मी हसले. "पुरे झाली चेष्टा. पिल्लूला दे."

"दादा, ऐकू येत नाहीये नीट. तिला म्हणावं, पिल्लू वाट बघतेय." आणि फोन कट.

हसले खरी, पण मेलेल्या माणसाच्या नावाने चेष्टा करणाऱ्यांतला तो नाही. फोन खराब असेल. गाडीच्या आवाजात त्याला कळलं नसेल. पुन्हा लावला तर लागला नाही. थोरली हंबरायला लागली होती, म्हणून आत आले.

२७ नोव्हेंबर

आज निघाले होते. गाईंचं काय व्हायचं ते होवो, पिल्लूचा वाढदिवस चुकवायचा नाही, असं ठरवून पहाटे पिशवी भरली. आईने काही अडवलं नाही. जॅकेटही काढून खिळ्याला लावलं आणि दुधाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि मागे गाई ओरडायला लागल्या. सगळ्या एकदम. हंबरणं नव्हतं ते. थोरलीने वासरू मेलं तेव्हा जो आवाज काढला होता, तो सगळ्यांच्या गळ्यातून येत होता. कुत्रा गाडीमागे धावत होता. ड्रायव्हरने वळणावर गाडी उभी केली आणि माझ्याकडे पाहिलं. नीट, तोंडाकडे पाहिलं.

"दादा, अशा गाई सोडून कुठे निघालात?"

त्याने मला न विचारता गाडी वळवली. आणि मी काही बोलले नाही. हेच मला समजत नाही, मी का बोलले नाही? हातांना धारेची ओढ लागली होती, बोटं आपोआप मुडपत होती. गोठ्यात शिरले तशा सगळ्या गप्प झाल्या.

उद्या जाईन, असं म्हणून दुपारी पिशवी शोधली तर पिशवी नाही.

"धाकटीची पिशवी ना? दिली गाडीतून," आई म्हणाली. "सामान घरी पोचेल तिचं."

"आई, मी काय घालू?"

"कपाट भरलंय की तुझं."

दादाचं कपाट. त्याचा शर्ट घातला. ही वही तेवढी राहिली, कारण ती जॅकेटच्या आतल्या खिशात होती, आणि एप्रनच्या खिशातली कात्री.

२८ नोव्हेंबर

आज छान झालं. म्हणजे मला वाटतं, छान झालं.

सकाळची धार काढून उठले, तर आई समोर आली. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झालं," आणि स्वतःच्या हाताने माझं जॅकेट उतरवलं. आधी एक बाही सोडवली, मग दुसरी. "आता नाही घातलंस तरी चालेल."

संध्याकाळी जॅकेटशिवाय बसले. नखरेलनेसुद्धा पान्हा सोडला, अगदी पहिल्या हाताला. म्हणजे गाई आता मला ओळखायला लागल्या! मला, माझ्या हाताला. सुटले एकदाची त्या वासातून. आईला आता माणूस ठेवून देता येईल, त्यालाही असंच शिकवता येईल, आणि मी जाईन. उद्या वाढदिवस आहे. उद्या नाही जमणार, पण परवा नक्की. पिल्लू रुसेल. तिच्यासाठी फ्रॉक शिवेन, मोठ्या बटणांचा.

२९ नोव्हेंबर

घाईत लिहितेय. गोठ्यात बसलेय, ते आत चहा घेताहेत.

दुपारी फाटकाशी गाडी थांबली. नवरोबा उतरला, त्याच्या हातात माझी पिशवी. आणि मागून पिल्लू, नवीन बूट घालून. माझा जीव इतका उसळला की बादली हातातून पडली. अंगात जॅकेट नव्हतं. केस विंचरलेले होते. मी धावले.

तीही धावली. "मामा!" म्हणत माझ्या पायांना येऊन बिलगली. मग मान वर करून म्हणाली, "मामा, तुला गाईंचा वास येतो. आई कुठाय?"

मी खाली बसले, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं. "पिल्लू, नीट बघ. मीच आहे." ती नीट बघत होती. तिला वाटलं खेळ आहे, हसली. मग मी तिच्या डाव्या कानाची पाळी धरली. "लावलं बटण..."

तिने झटका मारून माझा हात काढला आणि कानावर स्वतःचा हात ठेवला. "ते आईचं आहे. तू नको करू."

तिच्या हातावर माझे डोळे होते. माझ्या बोटांवरही. त्या जाड, चिरा गेलेल्या बोटांवर. असा हात कानाला लागला तर मीही झटकला असता.

नवरोबाचे डोळे सुजलेले. "दादा, पिशवी पोचली, पण ती नाही आली. ड्रायव्हर म्हणतो, त्याने तिला गाडीत घेतलंच नाही. आई म्हणतात, ती निघाली इथून. मी सगळीकडे विचारून आलो."

"दादा गेला," मी म्हटलं. "तू आला होतास त्याला पोचवायला. माझ्याहून जास्त तू रडलास. आठव."

"काय बोलताय दादा?" त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही सावरा स्वतःला. तुमचीही बहीणच आहे ती." त्याच्या डोळ्यांत ओळख होती, माया होती, पण ती माझ्यासाठी नव्हती. मला ओरडायचं होतं. खोकला आला. दोन छोटे आणि एक मोठा.

तेवढ्यात ऊन उतरलं आणि वारा सुटला. पिल्लू कुडकुडली. आई आतून आली, हातात जॅकेट. "थंडी वाजतेय ना माझ्या बाळाला?" म्हणत तिने ते पिल्लूच्या खांद्यांवर टाकलं. पिल्लूने बाहीत हात घातले. जॅकेट तिच्या पायांपर्यंत आलं, बाह्या जमिनीला टेकल्या. ती खिदळली. थोरलीने गोठ्यातून मान बाहेर काढली आणि तिच्याकडे बघितलं. कुत्रा उठून उभा राहिला.

आई पिल्लूकडे बघत होती. कातडं नीट बसलंय का हे बघताना बघते, तशी.

मी तीन ढांगांत पोचले आणि ते जॅकेट तिच्या अंगातून ओढून काढलं. ती दचकली, रडकुंडीला आली. "गोचिडी आहेत त्यात," मी म्हटलं. "एवढ्या मोठ्या! कानात शिरतात." तेव्हा ती घाबरून बापाला चिकटली. बरं झालं. घाबरू दे तिला.

मग मी नवरोबाला बाजूला घेतलं. त्याला काय सांगायचं ते मला कळलं होतं, फक्त ते तोंडातून निघत नव्हतं. शेवटी निघालं. "ती इथून निघाली, हे खरं आहे. इथे शोधून ती सापडायची नाही. चहा घ्या आणि उजेड आहे तोवर निघा. आणि पोरीला पुन्हा इथे आणू नकोस. मी बोलावलं तरी नाही, आई आजारी पडली तरी नाही, मी मेलो असा निरोप आला तर मुळीच नाही. शब्द दे."

त्याने दिला. चेष्टा केली नाही.

ते आत गेले तसं मी इथे येऊन जॅकेट उसवलं. माझी कात्री एप्रनच्या खिशात असते नेहमी, ती तेवढी माझी आहे अजून. आधी निळं अस्तर काढलं. मग करडं. मग चौकडीचं. त्याच्या आत आणखी एक निघालं, फुलांचं, ते कोणाचं होतं मला माहीत नाही. बाह्या खांद्यापासून सोडवल्या, पाठ मधोमध फाडली. आता हे कोणाच्याच अंगात जाणार नाही. हुंदके येत होते, पण हात नीट चालत होते.

मध्येच आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ती त्या तुकड्यांकडे बघत राहिली.

"चांगलं कापड होतं," एवढंच म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली.

पिल्लू, ही वही मी आता तुझ्या दप्तरात घालणार आहे. तू हिच्याबद्दल विचारलंसच मघाशी, "मामा, आईची वही कुठाय?" मी म्हटलं, वाचून दाखवू का? तर तू म्हणालीस, "नाही, ती आईच वाचून दाखवणार." तर असू दे. तू स्वतः वाच, मोठी झालीस की. दहा तारखेचं पान उलटलंस तरी चालेल. आणि वाचलंस म्हणून इकडे यायचं नाही. हा माझा हुकूम. तुझे मी खूप पाळले, माझा एवढा एक तू पाळ.

वाढदिवसाचा फ्रॉक राहिला. चुकलं माझं.

गाईंनी आज काय केलं: नखरेलने बादली सांडली नाही. लंगडी बरी आहे. थोरलीने आपल्या वासराला चाटून चाटून लख्ख केलंय, ते तिच्या पोटाशी झोपलंय, आणि त्याचं जुळं भावंड पलीकडे आपल्या आईजवळ आहे. सगळ्या शांत आहेत.

गाडी सुरू झाली. मामाने टाटा करायला यावं म्हणून हाका मारतेस तू. जाते.